सीतेची वेणी

सीतेची वेणी : (लॅ. ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा, कुल – ऑर्किडेसी). आमर कुलातील एक सुंदर, बहुवर्षायू व सदापर्णी अपिवनस्पती (दुसऱ्या झाडाचा केवळ आधार घेऊन वाढणारी, त्याच्यातून अन्नरस न शोषणारी वनस्पती). फुलांनी गच्च भरलेली तिची लोंबती मंजरी केसांत माळण्याच्या वेणीसारखी दिसते, म्हणून मराठीत हे नाव पडले. काही ठिकाणी तिला ‘गजरा’ असेही म्हणतात. कन्नडमधील ‘सीताळे दंडे’ या नावातही सीता व माळ या दोन्ही कल्पना आहेत. हिंदी भाषक प्रदेशात ती द्रौपदीची माळ होते. आसामात तिला ‘कपौफूल’ म्हणतात. इंग्रजी नाव मात्र पुराणाकडे न वळता कोल्ह्याच्या झुपकेदार शेपटीवरून घेतलेले असून ते ‘फॉक्सटेल ऑर्किड’ असे आहे.

प्रसार : ही जाती उष्ण कटिबंधीय आशियात विस्तृत प्रदेशावर पसरलेली आहे. भारत, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगला देश, म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएटनाम, दक्षिण चीन, मलेशिया, इंडोनेशिया आणि फिलिपीन्स येथे ती आढळते. भारतात तिचे दोन मोठे प्रदेश आहेत : एक हिमालयाच्या पायथ्यापासून आसाम, अरुणाचल प्रदेश, मेघालय इ. ईशान्येकडील राज्यांपर्यंतचा व दुसरा सह्याद्रीचा. पूर्व घाटातही ती तुरळक आढळते. समुद्रसपाटीजवळच्या वनांपासून सु. १,५०० मी. उंचीपर्यंत ती वाढते. महाराष्ट्रात कोकण, आंबोली, आजरा व राधानगरीचा परिसर आणि त्याला लागून असलेल्या घाटमाथ्यावरील निमसदाहरित व आर्द्र पानझडी वनांत ती चांगली वाढते. गोव्यातही ती सामान्य आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या पादपजातींवरील आपल्या ग्रंथात (१९०१–०८) आणि एच्. सांतापाव व झेड्. कापडिया यांनी याच प्रदेशातील आमरांवरील आपल्या पुस्तकात (१९६६) तिचा समावेश केला आहे.

इतिहास व नाव : या वनस्पतीचे पहिले चित्रित वर्णन केरळातील डच अधिकारी व्हॅन ऱ्हीडे यांच्या हॉर्टस मलबारिकस या ग्रंथाच्या बाराव्या म्हणजे अखेरच्या खंडात आढळते; हा खंड सतराव्या शतकाच्या शेवटी प्रसिद्ध झाला. तेथे तिला ‘अंजेली मारवार’ म्हटले आहे. मल्याळममध्ये ‘मर’ म्हणजे झाड व ‘वाऴ’ म्हणजे केळ. झाडावर वाढणाऱ्या आमरांना तेथील लोक झाडावरची केळ म्हणत आणि आजही म्हणतात. अंजेली (अंजिली) हा फणसाच्या प्रजातीतील एक मोठा वृक्ष आहे. अर्थात ऱ्हीडे यांनी नोंदविलेल्या नावात वनस्पतीबरोबर तिचा आश्रयवृक्षही सांगितला गेला आहे. शास्त्रीय नावांत अशी सोय क्वचितच असते. लिनीअस यांनी १७५३ मध्ये याच चित्राचा आधार घेऊन तिला एपिडेंड्रम रेट्यूसम असे नाव दिले. त्या काळी झाडावर वाढणारी जवळजवळ सर्व आमरे एपिडेंड्रम (अर्थ : झाडावरील) या एकाच प्रजातीत घातली जात. पुढे जावातील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या ब्लूम यांनी १८२५ मध्ये तिच्याकरिता ऱ्हिंकोस्टायलिस ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. हे नाव चोच व स्तंभ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले असून फुलातील स्तंभाच्या चोचीसारख्या टोकाला उद्देशून आहे. रेट्यूसा या लॅटिन गुणनामाचा अर्थ ‘टोकाशी बोथट व खाचदार’ असा असून तो पानांना लागू पडतो. जुन्या पुस्तकांत हीच वनस्पती सॅकोलॅबियम गटॅटम या नावाखाली सापडते.

शारीरिक लक्षणे : खोड आखूड, जाड, न फांदणारे व सु. १०–२५ सेंमी. लांब असते. त्याची वाढ एकपदी असते, म्हणजे एकच अग्रकलिका वर्षानुवर्षे वाढत राहते व खालची पाने जून होऊन गळतात. त्यांचे आवरक तळ मात्र खोडाला चिकटून राहतात. कित्येक वृक्षवासी आमरांत पाणी साठविण्यासाठी असलेले आभासी कंद येथे नसतात, ते काम पाने व मुळे करतात. पाने साधी, जाड, मांसल, पट्ट्यासारखी, दोन रांगांत एकमेकांवर बसणारी, सु. १५–४० सेंमी. लांब व २–४ सेंमी. रुंद असतात. मध्यशिरेवर ती पन्हळीसारखी दुमडलेली असून खालच्या बाजूस कणा असतो. टोक कुरतडल्यासारखे व दोन असमान खंडांत विभागलेले असते. हे टोक पाहिले की फुले नसतानाही वनस्पती ओळखण्यास मदत होते.

मुळे वायवी, लांब, बोटाच्या करंगळीएवढी किंवा त्याहून बारीक, खोडाच्या तळापासून व पानांच्या बगलेतून निघणारी असतात. काही झाडाच्या सालीला घट्ट चिकटून चपटी होतात, तर काही मोकळ्या हवेत लोंबतात. कोरड्या दिवसांत ती रुपेरी पांढरी दिसतात व पहिल्या सरीबरोबर काही क्षणांत हिरवी होतात. या रंगबदलाचे कारण मुळावरील जलशोषी आवरण होय. हे आवरण अनेक थरांच्या मृत, पोकळ कोशिकांचे (पेशींचे) बनलेले असते. कोरडे असताना त्या कोशिकांत हवा असल्यामुळे प्रकाश परावर्तित होऊन मूळ पांढरे दिसते. पाणी लागताच टीपकागदाप्रमाणे ते शोषले जाऊन आवरण पारदर्शक होते आणि आतील हरितद्रव्य दिसू लागते. झाडाच्या खोडावरून ओघळणारे पहिले पाणी धूळ, कुजलेली पाने व पक्ष्यांची विष्ठा यांतील विरघळलेले क्षार बरोबर आणते. अपिवनस्पतीला मिळणारे खनिज अन्न बहुतांशी एवढेच. ते वाहून जाण्यापूर्वी टिपून धरणे हे या आवरणाचे मुख्य कार्य. पाऊस थांबल्यावर हेच आवरण आतील जिवंत भागातील बाष्पीभवनास आळा घालते.

सह्याद्रीतील पावसाळा चार महिन्यांचा व कोरडा काळ त्याच्या दुप्पट असतो. जमिनीवरील वृक्षांची मुळे खोल ओलीपर्यंत पोहोचतात. फांदीवर बसलेल्या या वनस्पतीला तो मार्ग नाही. पावसाळ्यानंतर तिला फक्त दव, धुके आणि पानांत साठविलेले पाणी यांवर दिवस काढावे लागतात. जाड पानांच्या अनेक वृक्षवासी आमरांत यासाठी एक क्रियावैज्ञानिक योजना आढळते : त्यांची त्वग्रंध्रे दिवसा मिटलेली व रात्री उघडी असतात. रात्री आत घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड कार्बनी अम्लाच्या रूपात साठविला जातो व दिवसा सूर्यप्रकाशात त्याचा प्रकाशसंश्लेषणासाठी उपयोग होतो. त्यामुळे उन्हाच्या वेळी पाण्याचा व्यय टळतो; मात्र या मार्गाने होणारी वाढ मंद असते. सीतेच्या वेणीच्या खोडावर वर्षाकाठी थोडीच नवी पाने येतात, हे तिच्या संरक्षणाचा विचार करताना लक्षात ठेवावयास हवे.

फुलोरा : मंजरी पानांच्या बगलेतून निघते, ती लोंबती, दंडगोलाकार, २०–५० सेंमी. लांब असून तीवर शंभराहून अधिक फुले दाटीने येतात. जुन्या, जोमदार रोपावर एकाच वेळी अनेक मंजऱ्या लोंबताना दिसतात. महाराष्ट्रात मेच्या उत्तरार्धापासून जूनपर्यंत, म्हणजे वळवाच्या सरी व मृगाचा पाऊस यांच्या सुमारास ती फुलते. आसामात वळवाचा पाऊस लवकर येतो, तेथे बहर एप्रिलमध्ये असतो. फूल सु. १.५–२ सेंमी. व्यासाचे, सुगंधी, पांढरे असून त्यावर गुलाबी वा जांभळे ठिपके असतात. पूर्णपणे पांढऱ्या फुलांचा प्रकारही क्वचित आढळतो. तीन संदले व दोन प्रदले पसरट असून बाजूची संदले इतरांपेक्षा रुंद व तिरकस असतात. तिसरे प्रदल म्हणजे ओष्ठ. त्याच्या तळाशी बाजूंनी दबलेली, मागे वळलेली पिशवीसारखी शुंडिका व पुढे गर्द गुलाबी-जांभळे, पाचरीच्या आकाराचे पाते असते. केसरदल व किंजल यांच्या संयोगाने बनलेला स्तंभ आखूड व जाड असतो.

आमरांच्या फुलांत पराग सुटे नसतात. येथे ते दोन मेणचट परागपुंजांत एकवटलेले असून ते एका बारीक लांब दांडीने चिकट बिंबाला जोडलेले असतात. शुंडिकेत मुख घालण्यासाठी ओष्ठावर उतरलेल्या कीटकाला परत जाताना हे बिंब चिकटते आणि दोन्ही पुंज टोपीसारख्या परागकोशातून ओढले जाऊन त्याच्याबरोबर जातात. पुढच्या फुलाला भेट देताना ते किंजल्काच्या चिकट खळग्यात अडकले की परागण पूर्ण होते. एकाच खेपेला हजारो पराग पोहोचत असल्यामुळे एका बोंडात असंख्य बीजे तयार होऊ शकतात. परंतु खेप चुकली तर सर्वच पराग वाया जातात. यामुळे शंभर फुलांच्या मंजरीवर बहुधा थोडीच बोंडे धरलेली दिसतात.

किंजपुट अधःस्थ, एक कप्प्याचा असून बीजकविन्यास तटलग्न असतो. बोंड लांबट, तळाकडे निमुळते व कंगोरेदार असून ते पक्व होण्यास बरेच महिने लागतात. तडकल्यावर धुळीसारखी बारीक बीजे वाऱ्याने दूरवर जातात. बीजात पुष्क (गर्भाबाहेरील अन्नसाठा) नसतो आणि गर्भही अपूर्ण वाढलेला असतो. असे बीज स्वतःच्या बळावर रुजू शकत नाही. सालीच्या भेगेत विशिष्ट सूक्ष्म कवकाचे तंतू त्यात शिरून अन्न पुरवू लागले, तरच गर्भाची गोलसर हिरवी गाठ बनून पुढे पाने व मुळे फुटतात. कवक व आमर यांच्या या संबंधाचा उलगडा फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी १८९९ मध्ये केला. त्यापूर्वी उद्यानांत आमरांची बीजे का रुजत नाहीत, हे कोडेच होते. अमेरिकेतील लूइस नडसन यांनी १९२२ मध्ये शर्करायुक्त निर्जंतुक माध्यमावर कवकाविना बीजे रुजवून दाखविली आणि आमरांच्या व्यापारी लागवडीचा पाया घातला. सीतेच्या वेणीची गुणसूत्रसंख्या २n = ३८ आहे.

आश्रयवृक्ष : ही वनस्पती एकाच जातीच्या झाडावर अवलंबून नाही. आंबा, फणस, ऐन, उंबर, जांभूळ इ. वृक्षांवर ती दिसते. झाडाच्या जातीपेक्षा सालीचा पोत, वय व फांदीवर पडणारा प्रकाश यांना अधिक महत्त्व आहे. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते व भेगांत ओल टिकते. जुन्या आंब्याची सालही तशीच खडबडीत, शेवाळे व दगडफूल यांनी झाकलेली असते. उलट, जिची साल पापुद्र्यांनी सुटून गळते, अशा झाडावर कोवळे रोप टिकणे अवघड जाते. फार दाट सावलीत ही वनस्पती जगते, पण फुलत नाही. म्हणून ती वनाच्या अंतर्भागापेक्षा कडेच्या, वाटेलगतच्या व देवराईतील मोठ्या झाडांवर अधिक आढळते. कोकणात घराजवळच्या व रस्त्यालगतच्या जुन्या आमराया हे तिचे एक महत्त्वाचे आश्रयस्थान आहे.

याच आमरायांत एका गैरसमजामुळे तिचे नुकसान होते. झाडावर वाढणारी प्रत्येक हिरवी वस्तू बांडगूळच असे अनेक बागायतदार मानतात आणि बांडगुळाबरोबर आमरेही खरवडून काढली जातात. बांडगूळ (लोरँथेसी कुल) ही खरोखरच अर्धजीवोपजीवी वनस्पती आहे : तिची शोषक मुळे सालीतून आत घुसून आश्रयवृक्षाच्या काष्ठातील पाणी व लवणे घेतात, त्यामुळे फांदी पुढे वाळते. सीतेच्या वेणीची मुळे सालीच्या पृष्ठभागावरच राहतात; ती सोडविली असता खाली साल शाबूत दिसते. दोहोंतील भेद जमिनीवरूनही ओळखता येतो. बांडगुळाला फांद्या असतात, त्याचा झुडपासारखा पसारा होतो आणि ते ज्या ठिकाणी फांदीला जोडलेले असते तेथे गाठ येते; सीतेच्या वेणीला फांद्या नसतात, पाने दोन रांगांत असतात व मुळे उघडी दिसतात. आंब्याच्या उत्पन्नाला या आमरापासून धोका नाही. फार तर कुजक्या, जुन्या फांदीवर मोठ्या रोपांचा भार पडतो, एवढेच म्हणता येईल.

सारख्या लोकनावांमुळे तिची ॲइरिडीझ प्रजातीतील आमरांशीही गल्लत होते, कारण सह्याद्रीत तीही साधारण याच हंगामात गुलाबी लोंबत्या मंजऱ्यांनी फुलतात. ॲइरिडीझमध्ये शुंडिका पुढे वळलेली असते, ओष्ठ स्तंभाच्या पुढे आलेल्या पादाला जोडलेला असतो आणि फुले इतकी दाट नसतात. सीतेच्या वेणीत स्तंभपाद नसतो व शुंडिका मागे वळलेली असते. आसाम व महाराष्ट्र येथील लोकजीवनात तिला मिळालेले स्थान मात्र सारखे नाही. महाराष्ट्रात नाव वेणीचे असले, तरी ती माळण्याची प्रथा तुरळकच आहे. आसामात बोहाग बिहूच्या नृत्यात तरुणी अंबाड्यात ही मंजरी खोवतात आणि तिच्यावाचून तो वेश अपुरा समजला जातो. आसाम व अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांनी तिला राज्यपुष्प म्हणून मान्यता दिली आहे.

ऱ्हास व संरक्षण : विस्तृत प्रसारामुळे जाती या नात्याने ती दुर्मिळ म्हणता येणार नाही, परंतु ठिकठिकाणी ती वेगाने कमी होत आहे. त्याचे पहिले कारण मोठ्या वृक्षांची तोड हे होय. रस्ते रुंद करताना, धरणक्षेत्रात वा रबर, काजू यांसारख्या एकसुरी लागवडीसाठी जुनी झाडे पडतात. तोडलेल्या झाडाबद्दल नवे झाड लावले, तरी त्याची साल खडबडीत होऊन तीवर शेवाळे व कवके स्थिरावण्यास काही दशके जातात, त्यानंतर बीज रुजावयाचे व रोप फुलण्याइतके मोठे व्हावयाचे. म्हणजे वृक्षलागवडीच्या आकड्यांनी भरून निघणारी ही हानी नव्हे. दुसरे कारण संकलन. फुलोऱ्याच्या दिवसांत रोपे फांदीवरून ओरबाडून पर्यटनस्थळी व आठवडी बाजारांत विकली जातात. त्यांची बहुतेक मुळे तुटलेली असतात. मांसल पानांतील पाण्यावर ती काही महिने तग धरतात, त्यामुळे घेणाऱ्याला ती जगली असे वाटते. पुढच्या उन्हाळ्यात मात्र बरीचशी वाळून जातात.

राखीव वनातून परवानगीविना अशी रोपे काढणे भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या करारात (सायटिस, १९७५ पासून अंमलात, भारत १९७६ पासून सदस्य) संपूर्ण ऑर्किडेसी कुलाचा समावेश असल्याने परदेशी व्यापारावरही नियंत्रण आहे. गावच्या बाजारातील विक्रीपर्यंत मात्र या तरतुदी सहसा पोहोचत नाहीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची येरकौड व शिलाँग येथील आमरोद्याने, अरुणाचल प्रदेशातील टिपी येथील संशोधन केंद्र आणि सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ मध्ये स्थापन झालेली आमरांवरील राष्ट्रीय संस्था येथे देशी आमरांचे संवर्धन केले जाते. सीतेच्या वेणीची बीजे प्रयोगशाळेतील माध्यमावर चांगली रुजतात, हे भारतातील अनेक संशोधकांनी दाखविले आहे. अशी रोपे स्वस्तात मिळू लागली, तर रानातील रोपांची मागणी घटेल. तोडावयाच्या झाडांवरील रोपे आधीच उतरवून दुसऱ्या जुन्या झाडांवर बांधण्याचा मार्गही उपयुक्त आहे. मात्र ते काम फांदी खाली पडण्यापूर्वी व पावसाच्या तोंडाशी झाले पाहिजे.

लागवड : बागेत ही वनस्पती आंबा, फणस किंवा तत्सम खडबडीत सालीच्या झाडाच्या पूर्वेकडील फांदीवर, डोक्याएवढ्या किंवा थोड्या अधिक उंचीवर बांधतात. रोपाखाली नारळाच्या सोडणाचा पातळ तुकडा ठेवून काथ्याने पक्के आवळतात. मुळे चिकटल्यावर काथ्या आपोआप कुजून जातो. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत लावावयाचे असल्यास कोळसा व विटांचे मोठे तुकडे वापरतात. माती अजिबात घालीत नाहीत, कारण मुळांना सतत हवा लागते व साचलेल्या पाण्यात ती कुजतात. सकाळचे कोवळे ऊन व दुपारची विरळ सावली मानवते. वाढीच्या काळात वारंवार पाणी शिंपडतात, हिवाळ्यात ते कमी करतात. मुळे हलविलेली या वनस्पतीस सहन होत नाहीत. त्यामुळे एकदा बसविलेले रोप जागचे काढू नये. स्थलांतरानंतर एकदोन वर्षे फुले न येणे हे सामान्य आहे.

या प्रजातीतील इतर जातींपैकी ऱ्हिं. सीलेस्टिस ही थायलंड व त्याच्या शेजारच्या प्रदेशांतील जाती निळसर फुलांच्या ताठ मंजरीमुळे ओळखता येते, तर आग्नेय आशियातील ऱ्हिं. जायगँशियाची फुले मोठी असून बागांतून तिचे पांढरे, लाल व ठिपकेदार प्रकार लावलेले आढळतात. व्हँडा प्रजातीशी संकर करून ऱ्हिंकोव्हँडा नावाचे संकरज निर्माण केले आहेत. त्यांत मोठ्या फुलांबरोबर दाट फुलोरा आणण्याचा हेतू असतो.